सिंगापूरमध्ये वर्णभेदी जाहिरात सुटली, तिची टर उडवणारं गाणं मात्र अडकलं. असं का?

प्रश्न जुलै २०१९ चा. ई-पे या रोखीशिवाय पैसे भरण्याच्या सेवेच्या जाहिरातीत चिनी वंशाचे नट डेनिस च्यू त्वचा सावळी रंगवून भारतीय माणूस झाले, तसेच हिजाब घालून मलय बाई. माफी मागितली गेली. गुन्हा ठरला नाही.

यूट्यूबर प्रीती आणि रॅपर सुभाष नायर या भारतीय वंशाच्या भावंडांनी उत्तरादाखल रॅप केला. त्यात चिन्यांना सरसकट धरून शिव्या होत्या. घोळ इथेच झाला: रोख जाहिरात करणाऱ्यांवर न राहता अख्ख्या समाजावर गेला. तेव्हाच्या दंडसंहितेचं कलम २९८अ वंशावंशांत वैरभाव वाढवण्याबद्दल होतं. उपहास होता, एवढ्यावर त्यातून सुटका होत नाही.

आधी दोघांना २४ महिन्यांची सशर्त ताकीद मिळाली, म्हणजे तेवढ्या काळात पुन्हा गुन्हा केला नाही तर खटला नाही. सुभाषने नंतरही तसंच लिहिलं, म्हणून २०२३ मध्ये सहा आठवडे कैदेची शिक्षा झाली. माझ्या मते, तराजू जरा कललेलाच होता.