इटालियन चित्रकार तिएपोलोच्या ‘क्लिओपात्राची मेजवानी’ या चित्रात राणीच्या हातात काय आहे?

मोती, तिच्याच कानातला. एका जेवणावर एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उडवून दाखवते, अशी पैज तिने रोमन सेनापती अँटनीशी लावली होती, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून ती प्यायली. दुसरा मोतीही टाकणार, तोच पंच प्लँकसने तिला विजयी ठरवलं. तिएपोलोने मोती पेल्यात पडण्याआधीचा क्षण पकडलाय. खरं तर अख्खा मोती व्हिनेगरमध्ये इतक्या झटपट विरघळत नाही, पण गोष्ट झकास आहे! कपडे मात्र इजिप्तचे नाहीत, सोळाव्या शतकातल्या व्हेनिसचे. त्याच काळातल्या व्हेनिसच्या व्हेरोनेझे या चित्रकाराची छाप स्पष्ट दिसते. १७४३-४४ मधलं हे तैलचित्र सध्या मेलबर्नला आहे. सोव्हिएत सरकारने हर्मिटाज या रशियातल्या संग्रहालयातून विकलं, म्हणून ते तिथे पोचलं.