राजीनाम्याचा मसुदा परत पाठवते आहे

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा सोबत परत पाठवला आहे. दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलंय, शिक्षकाचा हात गप्प बसत नाही म्हणून. "वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञ सदस्य म्हणून माझा केवळ रबरी शिक्क्यासारखा वापर होत आहे" हे वाक्य झकास आहे. झाडं तोडायला परवानगी देणारी महापालिकेची ही समिती, तिच्यात मीही बसले आहे. कुठल्याही पेपरात चौकटीत छापून येईल. पण ज्या झाडांसाठी तुझा जीव तुटतोय, त्यांच्या प्रस्तावावर तुझं म्हणणं काय होतं हे उद्या कुणी महापालिकेच्या दप्तरात शोधायला गेलं, तर एक अक्षर सापडायचं नाही. कारण तू ते दिलंच नाहीस. तू बोललास. पोटतिडकीनं बोललास, असं तूच लिहिलंयस.

सभेत बोललेल्याचं काय होतं ते सांगते. मी प्राधिकरणावर नवी होते तेव्हा रस्तारुंदीतल्या एका वडावरून आयुक्तांशी बराच वेळ वाद घातला. पारंब्या आधीच छाटलेल्या, बुंध्याच्या गळ्यापर्यंत काँक्रीट भरलेलं, आणि प्रस्तावात कारण काय, तर "धोकादायक". त्याला धोकादायक कुणी केलं, असं मी विचारलं. सगळे हसले, चहा आला, विषय पुढे सरकला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेबरोबर इतिवृत्त आलं. त्यात एवढंच: "सदर विषयावर सन्माननीय सदस्यांनी चर्चेत भाग घेतला. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." माझं भांडण 'चर्चेत भाग' झालं होतं. आणि सर्वानुमते, म्हणजे त्यात माझंही मत आलं!

तेव्हापासून मी एकच हट्ट धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही: विरोध लेखी द्यायचा. एक पान, सदस्य सचिवांच्या नावे, विषय क्रमांक घालून, "माझा विरोध पुढील कारणांसाठी नोंदवावा" अशी सुरुवात. दोन प्रती. एक आवक विभागात, दुसरीवर पोचेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन आपल्या फायलीत. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक असतो 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. सगळे त्याला मान डोलावतात आणि मोबाइलकडे बघतात. तिथे उभं राहायचं आणि म्हणायचं, दुरुस्ती आहे. आयुक्त घड्याळ बघतात. बघू देत. उद्यान अधीक्षक कानाशी येऊन म्हणतात, "मॅडम, नंतर करून घेऊ." नंतर काही होत नसतं. दुरुस्ती तिथेच वाचून दाखवायची आणि ती लिहून घेतली जाईपर्यंत खाली बसायचं नाही.

तू म्हणशील, एवढ्या कारकुनीसाठी मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं का? मग तुझं शास्त्र तिथे वापर ना! तू ज्याला विरोध करतोयस त्या प्रस्तावातली झाडांची यादी मी नीट वाचली, तू वाचलीस का? झाडांच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आता यादीतला वयाचा रकाना वरून खाली वाच. ४५, ४८, ४६, ४८, ४९. सगळी चिंचेची झाडं पन्नाशीच्या उंबऱ्यावर येऊन थबकलेली! टेप घेऊन जा, छातीच्या उंचीवर घेर मोज, बुंध्याशेजारी काहीतरी ठेवून फोटो काढ, आणि लिही: क्रमांक अमुक, नोंदवलेलं वय तमुक, घेर इतका, सबब वयाचा अंदाज फेरतपासावा. विशेषणं नकोत. 'निसर्गाची कत्तल' हा शब्दप्रयोग तुझ्या मसुद्यात तीनदा आहे, आणि घेराचा आकडा एकदाही नाही. याचा मला खरंच राग आला.

आणि हो, तोडायच्या प्रत्येक झाडावर नोटीस लावायची असते, हरकतींसाठी सात दिवस असतात. नोटीस खरंच लागली होती का? खिळ्याचं भोक, गोंदाचा डाग, काहीतरी असेलच. नसेल तर तेही लेखी दे.

राजीनाम्याबद्दल बोलू. मुंबईतल्या आरे वसाहतीचं आठव. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणानं मेट्रोच्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला मंजुरी दिली. नंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. बातम्या झाल्या, ठराव जिथल्या तिथे राहिला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडलेली होती. त्या दोघांना मी नावं ठेवत नाही, त्या खोलीत मी नव्हते. पण राजीनाम्यानं ठराव हलत नाही, हे त्यातून कळावं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, तज्ज्ञ सदस्य नाहीत म्हणून उच्च न्यायालयानं याच प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखलं होतं, हेही लक्षात घे. तू शोभेची म्हणतोस ती खुर्ची रिकामी राहिली तर सभेची पंचाईत होते. म्हणून ती रिकामी राहत नाही. भरली जाते. कुणाला बसवतात ते विचार.

माझी एक मैत्रीण माझ्याबरोबरच नेमली गेली होती. माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा धीट. तिनं राजीनामा दिला, पत्रकार परिषद घेतली, टाळ्या मिळाल्या. तिच्या जागी जे गृहस्थ आले त्यांच्या रोपवाटिकेची बिलं महापालिकेतूनच निघत होती. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावायची रोपं कुठून यायची, ते तूच ओळख. मी राहिले, म्हणून मला 'पालिकेची बाई' हे नाव पडलं. मैत्रिणीनं ते वापरलं नाही, पण खोडूनही काढलं नाही. आमचं बोलणं थांबलं. ती गेली तेव्हाही थांबलेलंच होतं. ही खंत मला आहे आणि राहील. पण ती बरोबर होती असं मी आजही म्हणणार नाही. तिच्या तीव्र भावनांचं एकही कागदपत्र नाही, माझ्या रटाळ पानांची फाईल आहे.

त्या फायलीनं काय साधलं? विचारतोसच तर ऐक. एका रस्त्याच्या प्रकरणात रहिवाशांनी माहितीच्या अधिकारात इतिवृत्तं काढली. प्राधिकरणातल्या एका सदस्याचा विरोध कारणांसह नोंदलेला आहे, हे त्यांच्या वकिलाला तिथे सापडलं. याचिकेला ती पानं जोडली गेली. फेरपाहणी झाली, आखणी थोडी सरकली, कडुनिंबांची एक रांग वाचली. पलीकडची रांग गेली, ती सुंदर होती. तुझ्या वयात मला हे फार थोडं वाटलं असतं. आता वाटत नाही, आणि मी म्हातारी झाले म्हणून असं म्हणते आहे असं तुझ्या मनात आलं असेल तर ते तुझ्यापाशीच ठेव.

मार्च २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा तर सभागृहात आरडाओरडा करणारंही कुणी उरलं नव्हतं. ज्यांनी आधी लेखी दिलं होतं त्यांचंच काय ते कागदावर होतं. आपल्या भागातल्या झाडाझुडपांची, प्राण्यापक्ष्यांची नोंदवही ठेवणाऱ्या जैवविविधता समित्यांचंही तेच. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दरमहा दहा लाखांच्या दंडाची तंबी दिल्यावर नोंदवह्या धडाधड भरल्या गेल्या. आपल्या शहराच्या नोंदवहीत काय लिहिलंय ते बघून ठेव. नदीकाठच्या उंबरांची नोंद त्यात असेल तर पुढच्या पुलाच्या प्रस्तावात तुझ्या हाती आयता पुरावा आहे.

कोर्टात जायचं तर जा, पण आधी हे कर. कोर्ट पहिलं विचारणार: तुम्ही सदस्य होता, मग तुम्ही काय केलंत? "मी बोललो" हे उत्तर तिथे चालत नाही. लेखी दे. ऐनवेळचा विषय म्हणून घुसवला असेल तर "विषयपत्रिकेत नसलेला विषय, अभ्यासाला वेळ दिला नाही" हेही लेखी दे. तुझं म्हणणं बरोबर असून हरलास तरी लेखी दे.

पुढची सभा मंगळवारी आहे ना? सोमवारी चारच्या आत आवक विभाग गाठ, साडेचारला खिडकी बंद करतात. पान आधी मला दाखव.

तुझी,
बाई

ता.क. मसुद्यात तू रेन ट्रीला "आपल्या मातीतला देशी वृक्ष" म्हटलंयस. ते झाड दक्षिण अमेरिकेकडचं आहे. त्याची सावली मोठी आहे, ते वाचवायचंच, पण हे वाक्य विरोधाच्या पानावर गेलं तर उद्यान अधीक्षक पहिल्या मिनिटात तुला गप्प करतील. एम.एस्सी. ना तू?