डिलनचा लाइव्ह अल्बम पहिल्यांदा ऐकताना

बापू, लाइव्ह अल्बम ऐकायला बॉब डिलनपासून, म्हणजे लोकसंगीतातून पुढे आलेल्या त्या अमेरिकन गायकापासून सुरुवात करतोयस ना, मग १९६६चा मँचेस्टरचा कार्यक्रम आधी घे. नावात ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ दिसेल. चोरट्या रेकॉर्डांवर वर्षानुवर्षं तेच चुकीचं नाव होतं, म्हणून १९९८ साली अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हाही ते अवतरणचिन्हांत ठेवलं. खरी जागा मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल, तारीख १७ मे.

आता मे म्हटलं की आपल्या नागपुरात कूलरची घरघर आलीच. तिच्यात हा अल्बम ऐकू नकोस. रात्री उशिरा, गच्चीवर, हेडफोन लावून ऐक. पहिल्या भागात सात गाणी, नुसती गिटार, माउथ ऑर्गन आणि तो. श्वाससुद्धा ऐकू येतो. घाई करून हा भाग ओलांडू नकोस, कारण ती शांतता कानात असली तरच पुढचं कळतं.

दुसऱ्या भागात बँड आणि इलेक्ट्रिक गिटार येते. लोकसंगीतवाल्या श्रोत्यांना तो विश्वासघात वाटला. ते एका ठेक्यात टाळ्या वाजवून त्याला अडवतात, आणि तो माइकवर काहीतरी अस्पष्ट पुटपुटत राहतो, लोक गप्प होईपर्यंत. शेवटच्या गाण्याआधी एक जण ‘जुडास’ ओरडतो. येशूला पकडून देणारा तो जुडास. त्यानंतर बँड जो तुटून पडतो, तो माझ्या मते लाइव्ह ध्वनिमुद्रणातला सर्वांत जिवंत क्षण आहे.

सुरेश भट सभागृहात गझलेला मिळणारी दाद तू ऐकली आहेस. इथे विरोध ऐक, तितक्याच लक्षपूर्वक. गाण्यांचे शब्द दुसऱ्या वेळी वाच.