तांब्याच्या नाण्यांत मुलीच्या फीचे पैसे?

कॉव्हेंट्रीच्या एका वाचकाचा प्रश्न: निवृत्त होणारे सहकारी जुन्या ब्रिटिश तांब्याच्या नाण्यांचा संग्रह ४,००० पौंडांना देतायत. साठेक नाणी आहेत, यादीत बहुतेकांपुढे 'एक्स्ट्रीमली फाइन' (म्हणजे फारच कमी झिजलेलं) लिहिलंय. मुलगी दोन वर्षांनी विद्यापीठात जाईल. नाण्यांच्या नफ्यावर कर लागत नाही असं ऐकलंय. तिच्यासाठी ठेवलेल्या रकमेतून हा संग्रह घ्यावा का?

त्या रकमेतून नको. हौसेच्या पैशांतून एखादं नाणं जरूर घ्या.

नाणं जुनं आहे म्हणून महाग असतं असं नाही. १८०९मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूपट्ट्यावर बुडालेल्या 'ॲडमिरल गार्डनर' जहाजात मद्रासला निघालेली सोहो टांकसाळीची तांब्याची नाणी होती. १९८०च्या दशकात ती इतकी वर काढली गेली की दोनशे वर्षांपूर्वीचं हे नाणं आज किरकोळ किमतीत मिळतं. तुमच्या यादीतली १७९७ची 'कार्टव्हील' (गाडीचं चाक) म्हणतात ती रुंद काठाची पेनी त्याच टांकसाळीची. टांकसाळीचा मालक मॅथ्यू बोल्टन याने बर्मिंगहॅमजवळ वाफेच्या यंत्रांवर ती लाखोंनी पाडली. त्यामुळे तिच्यात तुम्ही पैसे मोजता ते प्रतीचे, म्हणजे नाणं किती कमी झिजलंय याचे, आणि इथे प्रत ठरवलीय विकणाऱ्यानेच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं दोन पेन्सचं कार्टव्हील नाणं बघा. रुंद, उंच काठामुळे मधलं चित्र बऱ्यापैकी टिकलंय, सगळे ठोके काठाने खाल्लेत. तरीही राजाच्या डोक्यावरच्या पानांच्या शिरा गेल्यात, मागच्या बाजूच्या ब्रिटानियाचा (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीचा) गुडघा सपाट झालाय. माझ्या मते हे जेमतेम 'व्हेरी फाइन', म्हणजे एक पायरी खालचं. पेनीचा गुलाबी, एकसारखा चकचकीतपणा मला त्याहून खटकतो. जुन्या तांब्याची मूळ झळाळी अक्षरांच्या आडोशाला टिकते आणि उंचवट्यांवर आधी मावळते. सगळीकडे सारखी चमक म्हणजे कुणीतरी घासलंय. घासलेल्या नाण्याला जाणकार फारसा भाव देत नाही. प्रत एका पायरीने घसरली तरी किंमत निम्म्यावर येऊ शकते.

आणखी एक. यादीत १८६३च्या पेनीपुढे 'तांबे' लिहिलंय. १८६०मध्ये पेनी ब्राँझची झाली: ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. सहकारी लबाड आहेत असं मी म्हणत नाही, पण यादी चोख नाही एवढं नक्की.

कॅटलॉगातली किंमत ही साधारण दुकानदाराची विक्री किंमत असते. तुम्ही विकायला जाल तेव्हा तो आपला नफा कापूनच घेणार. लिलावात कमिशन जातं आणि तारखेची वाट पाहावी लागते. फीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

करसवलतीचा तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. ६,००० पौंडांपर्यंत विकलेल्या वस्तूवर सहसा कॅपिटल गेन्स टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) लागत नाही, मात्र एकाच खरेदीदाराला संच विकला तर तो एकत्र धरला जाऊ शकतो. पण आधी नफा तर व्हायला हवा! दोन वर्षांत लागणाऱ्या पैशाला कॅश आयएसए हे बचत खातं पुरे; त्याच्या व्याजावरही कर नाही.

सहकाऱ्यांना दुखवायचं नसेल तर संग्रहातलं एकच नाणं मागा. आधी स्वतंत्र जाणकाराला दाखवा, वजन करून घ्या: कार्टव्हील पेनी २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, दोन पेन्स त्याच्या दुप्पट. घेतल्यावर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, तांब्यावर हिरवा चिकटा धरतो.