बेळगावात राहतो. ख्रिस्ती ऐतिहासिक आणि प्रेमकथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

आधी घरचंच पुस्तक घ्या की! ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, जन्म १८३१ चा. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ साली आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बरेच जण तिचंच नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव हिंडतात, विधवांचे हाल बघतात. पुढे तीच वेळ यमुनेवर येते. मधेमधे उपदेश फार, तिथं सरळ पानं उलटा. नवरा-बायकोचं बोलणं मात्र वाचाच, त्या काळी असं मोकळं बोलणारं जोडपं कोण लिहीत होतं?

खरी प्रेमकथा हवी असेल तर पोलिश लेखक सिएनकिएविच यांची कादंबरी 'क्वो वादिस', १८९६ सालची. सम्राट नीरोचं रोम, रोमन सरदार विनिसियस आणि ख्रिस्ती लिजिया. ती बोलता बोलता वाळूत मासा काढते. ती ख्रिस्ती लोकांची गुप्त खूण, पण ह्या बहाद्दराला काही पत्ताच नाही! जाडजूड आहे, पण सुटत नाही.

अमेरिकन पद्धतीच्या गोड प्रेमकथाही इंग्रजीत पोत्यानं मिळतात. शेवट आधीच कळतो. प्रवासाला ठीक, बेळगाव-पुणे रेल्वेत एक सहज संपते.

धर्माचं म्हणाल तर ख्रिस्ती असायलाच हवं असं काही नाही, मीही नाही.