रेघा पुसा, शेजार नीट मांडा

तुम्ही लिहिलंय की शंभरेक ऑनलाइन चर्चागट ठिपके म्हणून नकाशावर मांडले, जितके सामाईक सदस्य तितकी जाड रेघ काढली आणि शेवटी नुसता सुताचा गुंता झाला. माझा पहिला नकाशा अगदी असाच झाला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकतर त्या रेघा दाखवूच नका, ठिपक्यांच्या जागा ठरल्या की त्यांचं काम संपलं. आणि मुळात जवळीक मोजण्यातच गडबड आहे. समजा गडकिल्ल्यांच्या गटात १००० जण, गप्पांच्या गटात ५०,००० आणि मोडी लिपीच्या गटात फक्त १००. किल्लेवाल्यांचे ५०० लोक गप्पांमध्येही आहेत आणि ५० मोडीत. नुसती डोकी मोजली तर गप्पांचा गट दहापट जवळचा वाटणार, असे मोठे गट सगळ्यांनाच मध्ये ओढतात आणि तिथेच गुंता होतो. त्याऐवजी जकार्ड वापरा, म्हणजे सामाईक माणसं भागिले दोन्हीकडची मिळून वेगवेगळी माणसं. गप्पांशी ५०० भागिले ५०,५००, जेमतेम १ टक्का. मोडीशी ५० भागिले १०५०, जवळपास ५ टक्के. झाला की नाही मोडी खरा शेजारी!

आंद्रेई काश्चा या प्रोग्रामरने रेडिटचा, म्हणजे हजारो चर्चागट असलेल्या साइटचा, नकाशा केलाय तो बघाच, एका ठिकाणी कॉमेंट करणारे आणखी कुठे कॉमेंट करतात यावरून त्याने अंतरं ठरवलीत. पुढे २०२३ मध्ये त्याने गिटहबचाही केला, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचा, चार लाखांहून जास्त प्रकल्प, जवळीक जकार्डनेच, आणि एकमेकांना धरून असलेल्या प्रकल्पांचे चक्क देश पाडले. लांबून फक्त देशांची नावं दिसतात, झूम केलं की गावं. नावांचं तुम्हीही असंच करा, सगळी एकदम दाखवली तर एकही वाचता येत नाही.

दर वेळी मांडणी कोऱ्यापासून करू नका, मागच्या जागांवरून सुरू करा, नाहीतर लोकांना कालचं आपलं घर आज सापडत नाही. एकेका माणसाचा ठिपका तर अजिबात नको, कोण कुठल्या आजाराच्या गटात आहे हे गावाला कळायचं काही कारण नाही.

आणि विषयावरून गट शेजारी लावायचा मोह टाळा, कितीही सोपं वाटलं तरी. माझ्या नकाशात गच्चीवरच्या बागेला चिकटून आजारी आईवडिलांना सांभाळणाऱ्यांचा गट आला होता. मला वाटलं कोडमध्येच चूक आहे, दोन संध्याकाळी तेच तपासत बसलो. मग दोन्हीकडच्या पोस्टी वाचल्या. घर सोडून कुठे जाता न येणारी माणसं, आईला झोपवून रात्री साडेअकराला मिरचीच्या रोपाची पानं का आकसली म्हणून विचारत होती.