वाचकांचे प्रश्न : ज्या बेटावर ऐकणारेही हातांनी बोलत

प्रश्न : अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एकेकाळी सगळेच लोक खुणांची भाषा बोलत, असे ऐकले. हे खरे आहे का? ती भाषा पुढे का लोपली?

उत्तर : हे बव्हंशी खरे आहे, मात्र ‘सगळे’ हा शब्द बेटाच्या पश्चिमेकडील चिलमार्क आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांनाच नेमका लागू पडतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांमागे एक जन्मतः कर्णबधिर असे, तर या बेटावर १५५ माणसांमागे एक आणि चिलमार्कमध्ये २५ माणसांमागे एक.

येथील अनेक वसाहतकारांची मुळे इंग्लंडच्या केंट परगण्यात होती. पिढ्यानपिढ्या आपसात सोयरिकी होत गेल्याने बहिरेपणाचे सुप्त जनुक बहुतेक घराण्यांत पसरले आणि ते आई-वडील दोघांकडून आले, तर ऐकू येणाऱ्या जोडप्यालाही कर्णबधिर मूल होई. असे मूल कोणाच्या घरी जन्मेल, हे सांगता येत नसल्यामुळे ही भाषा साऱ्या गावाची झाली, आणि मला तिच्या इतिहासातील हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मच्छीमार एका होडीतून दुसऱ्या होडीशी हातांनी बोलत, आणि जवळपास एकही कर्णबधिर नसताना ऐकणारी माणसेही आपसात खुणा करत.

बेटावरील पहिले ज्ञात कर्णबधिर रहिवासी जोनाथन लॅम्बर्ट १६९४ मध्ये तेथे आले. १७१४ साली न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल बेटावर गेले, तेव्हा सोबतचा एक इंग्रज आपल्याशी चकार शब्द बोलत नाही म्हणून ते रागावण्याच्या बेतात होते. तो कर्णबधिर असल्याचे त्यांना मागाहून कळले.

१८१७ मध्ये हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा सुरू झाली आणि पुढे बेटावरची मुले तेथे शिकू लागली. त्यांच्या खुणांचा वाटा आजच्या अमेरिकन सांकेतिक भाषेच्या जडणघडणीत आहे, असे अभ्यासक मानतात. पण तीच मुले बेटाबाहेरच्यांशी लग्ने करू लागली, ते जनुक विरळ होत गेले आणि आनुवंशिक बहिरेपणा असलेली शेवटची बेटवासी व्यक्ती १९५२ मध्ये निवर्तली.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी तेथील वृद्धांच्या आठवणी टिपल्या. जुन्या काळच्या दोघांबद्दल विचारताच ते पट्टीचे मच्छीमार होते, असे उत्तर आले. दोघेही बहिरे होते, हे मात्र मुद्दाम विचारल्यावरच आठवले.